नऊ नंबरचा मेकॅनिक

शिट्टीबाईंनी एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली आणि निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी काढायची राहून गेली ती राहूनच गेली. आता त्या एका धर्मादाय निवासाच्या व्यवस्थापिका होत्या. निवास म्हणजे तीन मजली पिवळी इमारत, चौदा खोल्या आणि तळमजल्यावर सगळ्यांचं मिळून एक मोठं स्वयंपाकघर. रस्त्यापलीकडे लहान मुलांचं कॅन्सरचं हॉस्पिटल होतं. लांबून आलेले आईबाप मुलाचे उपचार चालतील तितके महिने इथे फुकट राहायचे. संस्था देणग्यांवर चालायची. त्यांतल्या काही या चौदा खोल्यांसाठी यायच्या आणि काही हॉस्पिटलच्या मागच्या आवारातल्या प्रयोगशाळेसाठी, जिथे या आजारावर संशोधन चाले.

मुलं झोपलेली असतात म्हणून बाई शिट्टी कधी फुंकायच्या नाहीत. फक्त ओठांपर्यंत न्यायच्या. तेवढ्यानेही जिन्यावरून धावणारी मोठी माणसं जागच्या जागी थिजायची. राहणाऱ्यांना त्या नावाने नाही, खोलीच्या नंबराने हाक मारायच्या. "पाच नंबर, चप्पल बाहेर." "अकरा नंबर, बाळाला मास्क लावा." ऐकणाऱ्याला राग यायचा नाही, कारण त्या आवाजात शाळेतल्या हजेरीचं काहीतरी होतं. आपलं नाव पटावर आहे, आपण हरवलो तर कुणीतरी शोधायला येईल, असं वाटायचं.

दारातच नियमांचा फळा होता. बावीस नियम. त्यातला सतरावा बाईंचा विशेष लाडका होता: 'राहणाऱ्या कुटुंबांकडून कोणतंही काम करून घेतलं जाणार नाही.' त्यामागे कारण होतं. बाईंच्या आधीच्या व्यवस्थापकाने आयांना चादरी धुवायला लावल्या होत्या, जिने पुसायला लावले होते, आणि वर 'फुकट राहता ना' असं ऐकवलं होतं. संस्थेच्या विश्वस्तांना ते कळलं तसं त्यांनी त्याला घरी पाठवलं आणि नियम लिहिला. बाई रुजू झाल्या त्या दिवसापासून एकाही आईच्या हातात त्यांनी केरसुणी दिसू दिली नव्हती.

आणि अशा या शिस्तीच्या घरात वस्तू आपोआप दुरुस्त व्हायला लागल्या.

पहिल्यांदा सहा नंबरचं दार कुरकुरायचं थांबलं. मग दुसऱ्या मजल्यावरचा नळ, जो बाई यायच्या आधीपासून टपकत होता, एका सकाळी गप्प झाला. बाईंनी प्लंबरला फोन करून विचारलं. तो म्हणाला, मी तर गेल्या आठवड्यातच येणार होतो, पुढच्या आठवड्यात नक्की येतो. मग जिन्यातलं घड्याळ सुरू झालं. तीन वर्षं ते सव्वाचारवर उभं होतं आणि सगळ्यांना त्याची सवय होती. आता ते चालायला लागल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, यावरून घरात दोन तट पडले.

दुसरं कुणी असतं तर देवाचे आभार मानून गप्प बसलं असतं. बाईंच्या मात्र डोक्यात भुंगा शिरला. कुणीतरी आपल्या नाकावर टिच्चून सतरावा नियम मोडतंय. तेही रोज.

त्यांनी सापळा लावायचं ठरवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्टुलाचा पाय त्यांनी स्वतः स्क्रू सैल करून डुगडुगता केला, स्टूल मधोमध ठेवलं आणि समोरच्या चादरींच्या खोलीत दार किलकिलं करून बसल्या. दहा मिनिटं झाली नसतील, तोच फटीतून एक डोळा आत आला. खाली मास्क, वर लोकरी टोपी, आणि मधे तो डोळा.

ती नऊ नंबरमधली मुलगी होती. वय वर्षं सहा, आजार रक्ताचा कॅन्सर, मुक्काम दोन महिने. तिला घरात सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे, कारण ती हॉस्पिटलमधून आली की प्रत्येक मजल्यावर फेरी मारून कुठे काय चाललंय त्याची चौकशी करायची.

"शिट्टीमावशी, तुम्ही कपाटात का बसलात?"

"हे कपाट नाही, खोली आहे. मी चादरी मोजतेय."

"बसून?"

"हो. बसून मोजता येतात."

"मग किती झाल्या?"

बाई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांना सराव नव्हता. "चाळीस," त्या म्हणाल्या. इन्स्पेक्टर आत आली, म्हणाली आपण परत मोजू, आणि एकेका चादरीवर बोट ठेवत निघाली. पंचवीसनंतर तिला आकडे नीट येत नव्हते, म्हणून दर वेळी पहिल्यापासून. तिसऱ्यांदा पंचवीसपर्यंत आल्यावर बाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. स्टूल चारही पायांवर भक्कम उभं होतं. वर बसायची जागासुद्धा कुणीतरी पुसलेली होती.

बाईंनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. इन्स्पेक्टर छताकडे पाहत होती.

तेव्हा बाईंना उलगडा झाला. पोरगी पहारेकरी होती. म्हणजे चोर तिच्याच घरचा.

दोन दिवसांनी चोर मुद्देमालासकट सापडला. मागच्या पडवीत कपडे धुण्याचं मशीन होतं. ते चालू झालं की अंगणभर उड्या मारायचं. त्या मशीनच्या मागून दोन पाय बाहेर आलेले बाईंना दिसले. लांबलचक, फाटक्या मोज्यांचे. इन्स्पेक्टर त्या वेळी सलाइन लावून हॉस्पिटलमध्ये होती, त्यामुळे पहारा नव्हता.

"नऊ नंबर," बाई म्हणाल्या, "बाहेर या."

मशीनमागून इन्स्पेक्टरचे बाबा बाहेर आले. सहा फूट उंच, धिप्पाड माणूस, पण उभा राहिला तो थेट हेडमास्तरांच्या खोलीबाहेर राहतात तसा. दोन महिन्यांत बाईंनी त्याच्या तोंडून 'हो' आणि 'बरं' यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

"हे काय चाललंय?"

"पाय वरखाली होते बाई मशीनचे. समतल केले."

"सतरावा नियम वाचलात?"

"वाचला. त्यात लिहिलंय, काम करून घेतलं जाणार नाही. तुम्ही कुठे करून घेताय?"

"शब्दांत पकडू नका मला. ही संस्था तुमच्याकडून काही परत मागत नाही. तुम्ही इथे मुलीसाठी आला आहात. निवांत राहा."

"निवांतच तर राहता येत नाही," तो म्हणाला, आणि मग दोन महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "बाई, मी आइस्क्रीमच्या कारखान्यात शीतयंत्रं सांभाळतो. सतरा यंत्रं. कुठलं खोकतंय, कुठलं शिंकतंय, मला लांबून कळतं. इथे आल्यापासून मी बाकावर बसतो. डॉक्टर त्यांचं काम करतात. नर्स त्यांचं करतात. बायको पोरीला भरवते, गोष्टी सांगते, ते मला जमत नाही. पोरगीसुद्धा काम करते, सुया टोचून घेते, कडू औषधं गिळते. त्या सगळ्या खटपटीत बिनकामाचा मी एकटा. तिच्या रक्तात जे बिघडलंय तिथे माझा पाना पोचत नाही. मग नळ तरी नीट करतो."

बाई जे एकतीस वर्षं करत आल्या होत्या तेच त्यांनी केलं. हात पुढे केला. "ते इकडे द्या."

त्याने मुकाट्याने स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि एक छोटा पाना त्यांच्या हातावर ठेवला. बाईंनी ते नेऊन ऑफिसच्या खणात टाकले आणि किल्ली फिरवली.

त्यानंतरचा आठवडा काही बरा गेला नाही. नऊ नंबरचे बाबा अंगणातल्या बाकावर बसून राहायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू कुणाचं तरी सामान सांभाळायला बसलेत. बायको त्यांना म्हणायची, अहो, फिरून तरी या, आणि ते अंगणाला एक चक्कर मारून पुन्हा तिथेच. इन्स्पेक्टरने बाईंशी बोलणं सोडलं. तिने एका कागदावर मोठं डोकं आणि त्याच्या गळ्यात शिट्टी असं चित्र काढलं, त्यावर लाल फुली मारली आणि ऑफिसच्या दाराखालून आत सरकवलं. बाईंनी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला. रोज त्याच्याकडे बघायच्या आणि रोज स्वतःला सांगायच्या, नियम म्हणजे नियम. रोज ते सांगायला थोडा जास्त वेळ लागायचा.

मग रविवार उजाडला. दुपारी बाराच्या सुमारास थेंबताई धावत आल्या.

थेंबताई प्रयोगशाळेत संशोधन करायच्या. मुलांची नेहमीची तपासणी होताना आईबापांची परवानगी घेऊन त्या रक्ताचा एखादा थेंब जास्तीचा मागून न्यायच्या, म्हणून मुलांनी त्यांचं हे नाव ठेवलं होतं. एरवी हसतमुख बाई. आज त्यांचा एक बूट एका रंगाचा होता आणि दुसरा दुसऱ्या.

"मावशी, बर्फ आहे का? असेल नसेल तेवढा द्या."

"आहे की, फ्रीजमध्ये दोन ट्रे आहेत. काय झालं?"

झालं होतं असं. प्रयोगशाळेत एक मोठी शीतपेटी होती, उणे ऐंशी अंशांची. तिच्यात अकरा वर्षांचे नमुने होते, शेकडो मुलांचे थेंब. ती पेटी सकाळपासून गरम होत चालली होती. दुसरी पेटी काठोकाठ भरलेली. कंपनीचा माणूस मंगळवारी येणार. कोरडा बर्फ विकणाऱ्याचं दुकान रविवारचं बंद आणि तो फोन उचलत नव्हता.

"साध्या बर्फाने काही होणार नाही," बाकावरून आवाज आला. नऊ नंबरचे बाबा उभे राहिले होते. "उणे ऐंशीच्या पेटीत साधा बर्फ टाकला तर पेटी आणखी गरम होईल. आता आकडा किती आहे?"

"मी निघाले तेव्हा उणे एकसष्ट."

"कॉम्प्रेसर चालू आहे? घरघर ऐकू येते?"

"येते. मधूनच बंद पडते, मग परत येते."

"मागच्या बाजूने गरम वारा येतो का बाहेर?"

थेंबताईंनी डोळे मिटून आठवलं. "नाही. वारा नाहीच. पण मागे हात लावला तर भाजतं."

"मग पंखा गेलाय," तो म्हणाला आणि बाईंकडे बघायला लागला. नुसता बघत राहिला.

बाईंच्या मनात सतरावा नियम एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली फिरला. मग त्या ताठ उभ्या राहिल्या. "नियम या निवासाचे आहेत," त्या म्हणाल्या. "रस्त्यापलीकडे माझी हद्द नाही." आणि खणाची किल्ली आणायला गेल्या.

तिघं प्रयोगशाळेच्या दारात पोचल्यावर थेंबताईंनी त्यांच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, कंपनीच्या माणसाशिवाय पेटीला कुणी हात लावायचा नाही. मग त्यांनी विचारलं, आकडा किती झालाय. थेंबताई म्हणाल्या, उणे अठ्ठावन्न. साहेब म्हणाले, लावू दे हात.

पेटीचं दार न उघडता नऊ नंबरच्या बाबांनी मागची जाळी काढली. आत धुळीची गोधडी झाली होती. ती त्यांनी टूथब्रशने साफ केली आणि पंखा बोटाने फिरवून पाहिला. जळून गेला होता. "नवा मिळायचा नाही आज. पण असाच पंखा एका ठिकाणी आहे. तुमच्या फ्रीजला."

निवासाचा फ्रीज एका हॉटेलने दान दिलेला होता, तीन दारांचा, कपाटाएवढा. चौदा कुटुंबांचा सगळा संसार त्यात. आणि तो रस्त्याच्या अलीकडे, थेट बाईंच्या हद्दीत होता.

"तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहा," बाई म्हणाल्या. "आणि मला सांगा."

तर असं झालं की एकसष्ट वर्षांच्या निवृत्त कवायत शिक्षिका पदर खोचून फ्रीजच्या मागे शिरल्या आणि उंबऱ्याबाहेर उभा असलेला मेकॅनिक त्यांना हुकूम सोडायला लागला.

"आधी प्लग काढा बाई."

"काढला."

"डावीकडचा स्क्रू. डावीकडचा. बाई, तुमची डावी."

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना डावं-उजवं शिकवलं, त्याच्या वाट्याला हे यावं, याचं इन्स्पेक्टरला अतोनात सुख झालं. आठवड्यानंतर ती पहिल्यांदा बाईंशी बोलली. ती फ्रीजच्या कडेने डोकावून म्हणाली, "मावशी, मी धरू का बॅटरी?" तिने धरली, आणि बहुतेक वेळ बाईंच्या डोळ्यांवर धरली.

पंखा निघाला. बाबा तो घेऊन पळाले, थेंबताई त्यांच्यामागे. बाई धुळीने माखलेल्या बाहेर आल्या तेव्हा स्वयंपाकघरात चौदा खोल्यांतली माणसं जमली होती आणि सगळ्यांची नजर बंद फ्रीजवर होती.

इथून पुढे बाई पुन्हा आपल्या मैदानात होत्या. औषधं आधी. कुणाची कुठली ते लिहून बर्फाच्या डब्यात घालून त्यांनी ती वॉर्डमधल्या फ्रीजकडे रवाना केली. मग उरलं खाणं. उघडलेली दुधाची पाकिटं, डाळी, भाज्या, कुणाचे उकडलेले बटाटे, आणि सगळ्यात वर कुणा देणगीदाराने शुक्रवारीच पाठवलेले आइस्क्रीमचे साठ कप. संध्याकाळपर्यंत यातलं काही टिकणार नव्हतं.

"बंद कप त्याच मुलांना, ज्यांना डॉक्टरांनी परवानगी दिलीय," बाईंनी जाहीर केलं. "बाकी सगळं मोठ्यांनी संपवायचं. कुणी लाजायचं नाही."

शिट्टी त्या दिवशी पहिल्यांदा वाजली, तीही रांग लावायला. ज्यांनी दोन महिन्यांत एकमेकांशी जिन्यावर मान हलवण्यापलीकडे ओळख केली नव्हती, ते एकमेकांचे डबे उघडून चाखायला लागले. तीन नंबरच्या आजीने अकरा नंबरच्या आमटीत मीठ कमी असल्याचं तोंडावर सांगितलं. अकरा नंबरने कबूल केलं की नवरा रक्तदाबाचा आहे म्हणून मीठ कमी घालते आणि त्याला हे अजून सांगितलेलं नाही. पाच नंबरच्या वडिलांनी सात आइस्क्रीम खाल्ली आणि आठव्याला ते 'कर्तव्य म्हणून' म्हणाले.

बाई दोन कप रुमालात गुंडाळून प्रयोगशाळेकडे निघाल्या.

तिथे फ्रीजमधून काढलेल्या पंख्याची बैठक निराळी होती म्हणून तो तारेने आवळून बांधलेला होता, आणि बऱ्यापैकी आवाज करत फिरत होता. थेंबताई आणि बाबा पेटीसमोर दोन स्टुलांवर बसून आकड्याकडे बघत होते. उणे सत्तावन्न. बराच वेळ सत्तावन्न. मग अठ्ठावन्न.

"उतरतोय," बाबा म्हणाले. स्वतःशीच म्हणाले.

बाई शेजारी बसल्या. चौसष्टला बाबांनी विचारलं, "यात आमच्या पोरीचा थेंब कुठेशी आहे?"

"मला सांगता येणार नाही," थेंबताई म्हणाल्या. "नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. नावांची वही दुसरीकडे कुलपात असते. मुद्दामच."

"म्हणजे कुठलाही असू शकतो."

"हो."

"आणि ती अकरा वर्षांपूर्वीची मुलं?"

"काही कॉलेजात आहेत. एक तर परवा पेढे घेऊन आली होती, पास झाली म्हणून. काही नाहीत."

"कॉलेजात नाहीत?"

"नाहीत."

बाबांनी मान डोलावली. मग ते उठले, पेटीच्या मागे गेले आणि तारेचा पीळ आणखी एकदा आवळला. परत आले तेव्हा डोळे पुसत होते, आणि म्हणाले, धूळ फार आहे मागे. धूळ त्यांनी स्वतःच तासाभरापूर्वी साफ केली होती. बाईंनी आइस्क्रीमचा कप त्यांच्या हातात दिला. "आमच्या कारखान्याचं नाही," कपावरचं वाचून ते म्हणाले, "पण चालेल."

साडेपाचला आकडा उणे अठ्ठ्याहत्तर झाला. तासाभराने ऐंशी.

सोमवारी बाईंनी बाजारातून नवा पंखा आणला आणि उंबऱ्याबाहेरून बाबा सांगतील तसा फ्रीजला बसवला. मंगळवारी कंपनीचा माणूस आला. त्याने तारेने बांधलेला पंखा पाहिला, मग खिशातून फोन काढून त्याचा फोटो घेतला. नवा पंखा मागवावा लागेल, तीन आठवडे लागतील, तोवर याला कुणी हात लावू नका, असं सांगून तो चहा पिऊन गेला. साहेबांनी संस्थेला आभाराचं पत्र पाठवलं. पत्रात 'निवासातील तज्ज्ञांचे सहकार्य' असे शब्द होते. इन्स्पेक्टरने ते बाबांना सात वेळा वाचून दाखवायला लावलं आणि तज्ज्ञ म्हणजे काय ते तीन वेळा विचारलं.

बाईंनी विश्वस्तांना स्वतः लिहिलं. घडलं ते सगळं, स्टुलाच्या सापळ्यासकट. शेवटी लिहिलं की कुणाला राबवून घेणं वाईटच, पण कुणाला आठ-आठ महिने नुसतं घेणाराच करून ठेवणं हेही काही भलं नाही, आणि हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं याची लाज वाटते. विश्वस्तांनी नियम ठेवला, फक्त पुढे एक वाक्य जोडलं: 'मात्र कोणी आपखुशीने काही करू इच्छित असल्यास अडवलं जाणार नाही.' हत्यारांसाठी पडवीत एक कपाट आलं. पाच नंबरचे वडील शिंपी निघाले. तीन नंबरच्या आजी आमटीत मीठ घालायला लागल्या, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

इन्स्पेक्टरच्या उपचारांना अजून पाच महिने लागले. मधे एकदा ताप चढला आणि नऊ दिवस ती काचेपलीकडच्या खोलीत होती. त्या नऊ दिवसांत निवासातलं एकही दार कुरकुरलं नाही, एकही नळ टपकला नाही, आणि बाबांना दुरुस्त करायला काही उरलं नाही तेव्हा बाईंनी गुपचूप जाऊन चार स्टुलांचे पाय सैल केले. दहाव्या दिवशी ताप उतरला. पुढे रक्ताचे आकडे चांगले आले, गोळ्यांवर भागेल असं डॉक्टर म्हणाले, आणि दर महिन्याला तपासणीला यायच्या बोलीवर नऊ नंबर रिकामी झाली. जाताना इन्स्पेक्टरने शेवटची फेरी मारली आणि सगळं ठीक असल्याचं बाईंना कळवलं.

दोन दिवसांनी त्या खोलीत नवं कुटुंब आलं. दमलेली आई, आईच्या खांद्यावर झोपलेला चार वर्षांचा मुलगा, आणि तीन पिशव्या. बाईंनी अर्ज भरून घेतला, किल्ली दिली, मास्कचा नियम समजावला. मग पेन न ठेवताच त्यांनी अर्जात नसलेला एक प्रश्न विचारला.

"आणि घरी तुम्ही काय काम करता?"

"मी मधमाश्या पाळते," आई म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. अंगणाकडे पाहिलं, चौदा खोल्यांच्या खिडक्यांकडे पाहिलं, आणि बऱ्याच विचाराअंती म्हणाल्या, "आधी जरा झोप काढा. आपण उद्या बोलू."